बैल जाण्याआधीचा झोपा : व्हॅल्डेझ बंदर आणि टँकर अडवण्याचा अधिकार

१/
२३ मार्च १९८९. अलास्काच्या दक्षिण किनाऱ्यावरचे व्हॅल्डेझ बंदर. रात्री ९ वाजून १२ मिनिटांनी ३०१ मीटर लांबीच्या एका टँकरने धक्का सोडला. त्याच्या टाक्यांत सुमारे १२ लाख ६० हजार बॅरल कच्चे तेल होते. वाट दाखवायला पायलट जहाजावर होता आणि सोबतीला एक टग होता. बंदरात त्याला कोणी अडवले नाही. तीन तास पुरे होण्याआधीच ते जहाज ब्लाय नावाच्या खडकावर चढले. ‘एक्सॉन व्हॅल्डेझ’ हे नाव तेव्हापासून तेलगळतीचा जणू पर्यायच होऊन बसले. हा धागा मात्र त्या अपघातापेक्षा एका अधिकाराविषयी आहे. तेलाने भरलेल्या जहाजाला बंदरातच ‘थांब’ असे सांगण्याचा अधिकार कोणाचा?

२/
‘बैल गेला नि झोपा केला’ ही म्हण सर्वांच्या ओठांवर असते. झोपा म्हणजे गोठ्याचे कुडाचे दार, हे मात्र आता अनेकांना ठाऊक नसते. बैल पळून गेल्यावर बांधलेले दार पुढच्या बैलासाठी असते, गेलेल्यासाठी नाही. समुद्रावरील तेलप्रदूषणाच्या कायद्यांचा इतिहास बराचसा या म्हणीत मावतो. जवळजवळ प्रत्येक कलमामागे एखादे बुडालेले जहाज आहे. तरीही त्या इतिहासात एक-दोन दारे अशी सापडतात की जी बैल जाण्याआधी उभी राहिली. ती कोणी उभी केली आणि कोणाशी भांडून उभी केली, हे समजून घेण्याजोगे आहे.

३/
बंदराच्या दाराला एवढे महत्त्व का? भर समुद्रात जहाजावर प्रामुख्याने त्याच्या ध्वजाच्या देशाची सत्ता चालते. जहाजाचा मालक एका देशातला, ध्वज दुसऱ्याचा, खलाशी तिसरीकडचे आणि माल चौथ्याचा, असा प्रकार तेलवाहतुकीत नेहमीचा. किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला यांतल्या कोणालाच जाब विचारता येत नाही. धक्क्याला दोर बांधलेले असतात तेवढा वेळच जहाज स्थानिक कायद्याच्या मुठीत असते. दोर सुटले, खाडी मागे पडली, की उरतात ते फक्त नुकसानभरपाईचे दावे. म्हणून टँकरबाबतचा सर्वांत परिणामकारक कायदा हा मुळात प्रस्थानाचा कायदा असतो.

४/
ही गोष्ट जगाला पहिल्यांदा कळली ती १८ मार्च १९६७ रोजी. कुवेतहून वेल्समधील मिलफर्ड हेवनकडे निघालेला ‘टॉरी कॅन्यन’ इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाजवळील सेव्हन स्टोन्स खडकांवर आदळला. जहाजावर लायबेरियाचा ध्वज, मालकी बर्म्युडात नोंदलेल्या अमेरिकी कंपनीची, खलाशी इटालियन आणि तेल ब्रिटिश कंपनीचे. सुमारे १ लाख १९ हजार टन तेल त्यात होते. ते कॉर्नवॉलच्या आणि पुढे फ्रान्समधील ब्रिटनीच्या किनाऱ्याला लागले. उरलेले तेल जाळून टाकण्यासाठी ब्रिटनला स्वतःच्याच दाराशी पडलेल्या जहाजावर विमानांतून बॉम्ब टाकावे लागले. तेव्हाचे कायदे हेतुपुरस्सर सोडलेल्या तेलमिश्रित पाण्यापुरते होते; एवढ्या मोठ्या अपघाताचा विचार त्यांत जवळपास नव्हताच.

५/
त्या धक्क्यातून १९७३ चा ‘मार्पोल’ हा आंतरराष्ट्रीय करार आकाराला आला. १९७८ च्या पुरवणी कराराने तो अधिक कडक झाला आणि २ ऑक्टोबर १९८३ पासून लागू झाला. त्याच्या पाचव्या अनुच्छेदात प्रस्थानाच्या कायद्याचे बीज आहे. बंदरात आलेले जहाज त्याच्या प्रमाणपत्राशी जुळत नसेल, तर सागरी पर्यावरणाला अवाजवी धोका न पोहोचवता ते निघू शकेल अशी खात्री होईपर्यंत त्याला निघू देऊ नये, असे कर्तव्य तिथे बंदराच्या देशावर टाकलेले आहे. १९७८ मध्ये ‘अमोको काडिझ’ ब्रिटनीजवळ फुटला. त्यानंतर १९८२ मध्ये पॅरिस समझोता झाला आणि युरोपातील बंदरे परदेशी जहाजांची तपासणी संगनमताने करू लागली.

६/
भारत १९८६ मध्ये मार्पोलमध्ये सामील झाला. हिंदी महासागरातील देशांचा असाच तपासणी समझोता १९९८ मध्ये झाला. भारत त्याचाही सदस्य आहे. मुंबई, न्हावा शेवा किंवा मुरगाव येथे आलेल्या परदेशी जहाजात गंभीर दोष आढळला, तर ते रोखून धरण्याचा अधिकार तपासनीसाला असतो, तो याच परंपरेतला. वर्तमानपत्रात ‘जहाज अडकवून ठेवले’ अशी दोन ओळींची बातमी येते, तेव्हा तिच्यामागे हा सगळा इतिहास उभा असतो. पण हा अधिकार कागदावर येणे आणि तो प्रत्यक्ष वापरला जाणे, या दोन गोष्टींमधले अंतर किती असते, ते व्हॅल्डेझच्या कथेतून दिसते.

७/
अलास्काच्या उत्तर टोकाला प्रूडो बे येथे १९६८ मध्ये तेलाचा प्रचंड साठा सापडला. तिथला समुद्र वर्षातला बराच काळ गोठलेला. म्हणून सुमारे १,२८७ किलोमीटर लांबीची पाइपलाइन टाकून तेल दक्षिणेला व्हॅल्डेझपर्यंत आणायचे आणि तिथून टँकरने न्यायचे, अशी योजना ठरली. व्हॅल्डेझ बंदर हिवाळ्यातही गोठत नाही. मात्र त्याचा निसर्गाशी जुना हिशेब होता. १९६४ च्या गुड फ्रायडेला झालेल्या ९.२ तीव्रतेच्या भूकंपात जुने गाव उद्ध्वस्त झाले होते आणि सारे गाव नव्या जागी हलवावे लागले होते. पंचवीस वर्षांनी तो टँकर खडकावर चढला, तोही गुड फ्रायडेच्याच पहाटे.

८/
योजनेला विरोध झाला तो व्हॅल्डेझच्या शेजारच्या कॉर्डोव्हा गावातून. प्रिन्स विल्यम साउंड या विस्तीर्ण आखातावर पोट असलेले हे कोळ्यांचे गाव. पाइपलाइन जमिनीवर आहे, आपला धोका पाण्यावर आहे, हे त्यांनी लवकर ओळखले. १९७१ मध्ये त्यांच्या संघटनेने न्यायालयात धाव घेतली. तेल कॅनडामार्गे जमिनीवरूनच न्या, असाही पर्याय त्या वादात पुढे आला. पण १९७३ च्या जुलैत अमेरिकी सिनेटने पर्यावरणविषयक पुढील खटल्यांची वाट बंद करणारी दुरुस्ती मतास घेतली. मते पडली ४९ विरुद्ध ४९. उपराष्ट्राध्यक्ष स्पायरो अ‍ॅग्न्यू यांच्या एका निर्णायक मताने दुरुस्ती संमत झाली.

९/
कॉर्डोव्हाच्या कोळ्यांच्या हाती उरली ती आश्वासने. या मार्गावरील नव्या अमेरिकी टँकरांना दुहेरी तळ असेल, असे गृहमंत्री रॉजर्स मॉर्टन यांनी संसदेला सांगितले होते. (अमेरिकेत हे खाते सरकारी जमिनी आणि खनिजे पाहते.) दुहेरी तळ म्हणजे जहाजाच्या बाहेरच्या पत्र्याच्या आत दुसरा पत्रा आणि मध्ये मोकळी पोकळी, खडक घासला तरी तेलाची टाकी फुटू नये म्हणून केलेली सोय. पाइपलाइन १९७७ मध्ये सुरू झाली आणि १ ऑगस्टला पहिला भरलेला टँकर निघाला. दुहेरी तळाची सक्ती मात्र कधी आलीच नाही. कायद्यात न उतरलेले आश्वासन बंदराच्या दारावर पाटी म्हणूनही टिकत नाही.

१०/
याच सुमारास दक्षिणेकडे वॉशिंग्टन राज्याने एक धाडस केले. अलास्काचे तेल जिथे उतरणार होते, त्या प्यूजेट साउंडसाठी त्याने १९७५ मध्ये स्वतःचा टँकर कायदा केला. १ लाख २५ हजार टनांहून अधिक वहनक्षमतेच्या टँकरांना प्रवेशबंदी. ४० हजार टनांपासून त्या मर्यादेपर्यंतच्या टँकरांना दुहेरी तळासारख्या सोयी सक्तीच्या. त्या नसतील तर सोबत टग हवे. कायद्यामागे एखादा मोठा अपघात नव्हता, होता तो अंदाज. बैल अजून गोठ्यातच होता. तेल कंपनी लगेच न्यायालयात गेली आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला.

११/
६ मार्च १९७८ रोजी ‘रे विरुद्ध अटलांटिक रिचफील्ड’ या खटल्याचा निकाल लागला. जहाजाची बांधणी कशी असावी हे ठरवणे संघीय सरकारचे काम आहे. प्रत्येक राज्य वेगळी मापे सांगू लागले तर एकाच जहाजाला दहा बंदरांसाठी दहा रूपे घ्यावी लागतील, असा न्यायालयाचा रोख होता. म्हणून आकाराची मर्यादा आणि बांधणीच्या अटी रद्द झाल्या. टग सोबत घेण्याची अट मात्र टिकली, कारण ती स्थानिक पाण्याच्या धोक्याशी जोडलेली होती आणि केंद्राने त्याबाबत नियम केलेला नव्हता. जहाज कसे असावे हे राज्याने सांगायचे नाही. आपल्या पाण्यातून ते कसे जावे याबद्दल मात्र काही सांगता येईल. पुढची सगळी भांडणे या एका रेषेवर झाली.

१२/
तिकडे व्हॅल्डेझमध्ये वर्षे शांततेत जात होती. हजारो भरलेले टँकर सुखरूप बाहेर पडले. अपघात होत नाही, तेव्हा दक्षतेचा खर्च वायफळ वाटू लागतो. जहाजांवरील माणसे कमी झाली. तटरक्षक दलाच्या वाहतूक केंद्रातील कर्मचारी घटले आणि तिथल्या रडारची नजर ब्लाय खडकापर्यंत भरवशाने पोहोचत नसे. टगची सोबत व्हॅल्डेझ नॅरोज या चिंचोळ्या खिंडीपुरती. पुढे जहाज एकटे. राज्याने मंजूर केलेल्या आपत्कालीन आराखड्यात दोन लाख बॅरलच्या गळतीची शक्यता २४१ वर्षांतून एकदा, अशी मांडलेली होती. त्या आकड्याने सर्वांना निश्चिंत झोप दिली.

१३/
खडकाचे नावही इतिहासातलेच. १७७८ मध्ये कॅप्टन जेम्स कुक या आखातात आला, तेव्हा त्याच्या जहाजावर विल्यम ब्लाय हा तरुण अधिकारी होता. ‘बाउंटी’ जहाजावरील बंडामुळे पुढे जगभर गाजला तोच हा ब्लाय. १७९४ मध्ये व्हँकूव्हरच्या मोहिमेत त्याचे नाव इथल्या बेटाला मिळाले. जवळचा खडकही त्याच नावाने ओळखला जातो. व्हॅल्डेझहून निघालेले जहाज नॅरोजमधून बाहेर पडते, हा खडक डावीकडे ठेवून दक्षिणेला जाते आणि हिंचिनब्रुकच्या तोंडातून खुल्या समुद्राला लागते. उजवीकडे कोलंबिया हिमनदीचे तुटलेले बर्फ वाहत येते. नकाशावर खडक सर्वांना ठाऊक होता.

१४/
२३ मार्चच्या त्याच संध्याकाळी व्हॅल्डेझमध्ये तेलवाहतुकीच्या धोक्यांवर एक सभा भरली होती. सागरी जीवशास्त्राची अभ्यासक आणि मासेमारी करणारी रिकी ऑट हवामानामुळे प्रत्यक्ष येऊ शकली नाही. कॉर्डोव्ह्याहून ती दूरध्वनीवर बोलली. मोठी गळती होईल की नाही हा प्रश्नच नाही, ती कधी होईल एवढाच प्रश्न आहे, असा तिच्या बोलण्याचा आशय होता. काही तासांतच उत्तर आले. योगायोगाला भविष्यवाणी मानण्याचे कारण नाही. बारा वर्षे तेच पाणी, तीच जहाजे आणि सैलावत जाणारे नियम पाहणाऱ्याचा तो साधा निष्कर्ष होता.

१५/
रात्री ११ वाजून २४ मिनिटांनी पायलट उतरला. बर्फ टाळण्यासाठी कप्तानाने ठरलेली मार्गिका सोडण्याचे ठरवले आणि तटरक्षक दलाला तसे कळवले. पुढे केव्हा वळायचे ते सांगून तो आपल्या खोलीत गेला. सुकाणूच्या कक्षात उरलेला थर्ड मेट दिवसभराच्या कामाने थकलेला होता. वळण उशिरा झाले. १२ वाजून ४ मिनिटांनी जहाजाचा तळ खडकावर फाटला. किनाऱ्यावरच्या रडारवर कोणी ते पाहत नव्हते. ‘बाहेर जात आहात’ असे सांगणारा एकही आवाज आला नाही. बंदराची सत्ता जिथे संपली होती, तिथपासून थोड्याच अंतरावर हे घडले.

१६/
आराखड्याप्रमाणे पाच तासांत मदत पोहोचायला हवी होती. पण तेल अडवण्याचे सामान वाहणारा तराफा दुरुस्तीसाठी बाजूला काढलेला होता. सामान शोधून, पुन्हा चढवून तो घटनास्थळी पोहोचायला बारा तासांहून अधिक वेळ लागला. सुरुवातीचे दिवस समुद्र शांत होता. तोच मोलाचा वेळ निघून गेला. मग वादळ उठले आणि तवंग आवाक्याबाहेर गेला. सुमारे ४ कोटी लिटर तेल पाण्यात गेले आणि २,१०० किलोमीटर किनारा कमी-अधिक माखला. अंदाजे अडीच लाख समुद्रपक्षी, २,८०० समुद्री पाणमांजरे, ३०० सील आणि २५० गरुड मेले.

१७/
दोष कोणाचा? लोकांना एक चेहरा हवा होता आणि तो कप्तान जोसेफ हेझलवूड यांच्या रूपाने मिळाला. नशेत जहाज चालवल्याच्या आरोपातून ज्यूरीने त्यांना मुक्त केले. निष्काळजीपणे तेल सांडल्याचा किरकोळ गुन्हा तेवढा शाबीत झाला. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या चौकशीने कारणांची साखळीच मांडली: थर्ड मेटचा थकवा आणि कामाचा भार, मद्यामुळे कप्तानाकडून न झालेली देखरेख, ताजेतवाने आणि पुरेसे खलाशी न देणारी कंपनी, तटरक्षक दलाची अपुरी वाहतूक-यंत्रणा, पायलट आणि टगच्या सोबतीचा अभाव. एका माणसाची चूक एवढी महाग पडावी, यासाठी आधी बऱ्याच जणांनी आपापली दारे उघडी टाकलेली असावी लागतात.

१८/
मग झोपा बांधला गेला. १८ ऑगस्ट १९९० रोजी राष्ट्राध्यक्ष थोरल्या बुश यांनी तेलप्रदूषण कायद्यावर सही केली. अमेरिकी बंदरांत येणारे टँकर टप्प्याटप्प्याने, २०१५ पर्यंत, दुपदरी कवचाचे असणे बंधनकारक झाले. दुपदरी कवच असते तर एक्सॉन व्हॅल्डेझमधून सांडलेले तेल २५ ते ६० टक्क्यांनी कमी झाले असते, असा तटरक्षक दलाचा अंदाज होता. सतरा वर्षांपूर्वीचे आश्वासन असे कायदा होऊन परत आले. प्रिन्स विल्यम साउंडमधून जाणाऱ्या एकपदरी भरलेल्या टँकरासोबत निदान दोन टग सक्तीचे झाले. आणि स्थानिक नागरिकांच्या सल्लागार मंडळाला कायद्यात जागा मिळाली. त्यात कोळ्यांनाही प्रतिनिधित्व आहे.

१९/
अलास्का राज्यानेही दार पक्के केले. मंजूर आराखडा आणि आर्थिक जबाबदारीचा पुरावा नसेल, तर टँकरला माल भरताच येत नाही. मोठ्या टँकरांसाठी ७२ तासांत ३ लाख बॅरल तेल आवरण्याइतकी सामग्री दाखवावी लागते. सर्वांत बोलका नियम वाऱ्याचा आहे. हिंचिनब्रुकच्या तोंडाशी वारा ४५ नॉटच्या, म्हणजे ताशी सुमारे ८३ किलोमीटरच्या वर गेला, किंवा लाटा १५ फुटांहून उंच झाल्या, की भरलेल्या टँकरांना ते तोंड बंद. पूर्वी हा निर्णय कप्तानाच्या धाडसावर आणि मालकाच्या घाईवर असे. आता समुद्रात तरंगणाऱ्या बोयावरचा आकडा पुरेसा असतो. तो कोणाच्या दबावाला भीक घालत नाही.

२०/
दार बंद ठेवण्याची किंमत किती असते, हेही पाहायला हवे. १९८० च्या दशकाअखेरीस पाइपलाइनमधून दिवसाला सुमारे २० लाख बॅरल तेल येत असे, म्हणजे अमेरिकेच्या तेल उत्पादनाचा जवळजवळ चौथा हिस्सा. व्हॅल्डेझच्या १८ टाक्यांची क्षमता सुमारे ९२ लाख बॅरल. टँकर निघाले नाहीत तर चार-पाच दिवसांत टाक्या तुडुंब भरणार आणि हजार किलोमीटरवरच्या विहिरींची गती कमी करावी लागणार. म्हणून ‘थांब’ म्हणणाऱ्यावर ‘जाऊ दे’ म्हणणाऱ्यांचा दाब अखंड असतो. ठाम लिखित नियम नसेल, तर त्या दाबाखाली तारतम्य वाकते.

२१/
कायदा आला म्हणून मासे परतले नाहीत. १९९३ मध्ये हेरिंगचा हंगाम कोसळला आणि गुलाबी सॅमनही फार थोडे आले. कॉर्डोव्हाची घरे, होड्या आणि परवाने कर्जात बुडाले होते. त्या ऑगस्टमध्ये कोळ्यांनी डझनावारी होड्या व्हॅल्डेझ नॅरोजमध्ये आणून आडव्या लावल्या. सुमारे तीन दिवस टँकरांची वाट अडली. सिनेटमध्ये एका मताने हरलेल्या गावाने वीस वर्षांनी स्वतःच्याच होड्यांचा झोपा केला. अखेर गृहमंत्री ब्रूस बॅबिट यांनी आखाताच्या परिसंस्थेच्या अभ्यासासाठी निधीचे आश्वासन दिले, तेव्हा होड्या मागे सरल्या. न्यायालयांनी आणि संसदेने इतकी वर्षे ज्याचा खल केला, तो अधिकार तीन दिवस प्रत्यक्ष पाण्यावर दिसला.

२२/
वॉशिंग्टन राज्याने पुन्हा पाऊल उचलले. खलाशांचे प्रशिक्षण, इंग्रजीचे ज्ञान, सुकाणूच्या कक्षातील पहारा, अपघातांची माहिती, यांबाबत त्याने कडक नियम केले. टँकरमालकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने आव्हान दिले आणि संघीय सरकारही राज्याच्या विरोधात उभे राहिले. ‘युनायटेड स्टेट्स विरुद्ध लॉक’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने या चार बाबी केंद्राच्या अखत्यारीत असल्याचे सांगितले. तारीख होती ६ मार्च २०००. पहिल्या निकालानंतर बरोबर बावीस वर्षांनी. समान नियम नसतील तर सागरी व्यापार चालणार नाही, हे खरे. पण समान नियम सर्वांत हळू चालणाऱ्याच्या गतीने पुढे जातात, आणि गळती होते ती मात्र कोणा एकाच्याच किनाऱ्यावर.

२३/
आता बैल जाण्याआधीच्या झोप्याची गोष्ट. १९९० च्या कायद्यातील दोन टगांची सक्ती एकपदरी टँकरांपुरती होती. सारे टँकर दुपदरी झाले की ती आपोआप निरर्थक ठरणार होती. नागरिकांचे सल्लागार मंडळ मात्र सांगत राहिले की कवच जाड झाले तरी इंजिन बंद पडू शकते, माणूस थकू शकतो. २३ डिसेंबर २००९ रोजी ‘पाथफाइंडर’ नावाचा टग बर्फाची पाहणी करून परतताना ब्लाय खडकावरच आदळला. तो टँकरांना सोबत करणाऱ्या यंत्रणेतलाच होता. २०१० मध्ये संसदेने दोन टगांची सोबत दुपदरी टँकरांनाही कायमची लागू केली. या वेळी एकही टँकर फुटावा लागला नाही.

२४/
भरपाईचा हिशेब वेगळाच चालला. १९९४ मध्ये ज्यूरीने दंडात्मक भरपाई म्हणून ५ अब्ज डॉलर ठरवले. अपिलात ती रक्कम निम्मी झाली. २५ जून २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती सुमारे ५० कोटी ७५ लाख डॉलरवर आणली. दावेदार ३२ हजारांहून अधिक होते; त्यांतले अनेक जण निकालापूर्वीच मरण पावले होते. अपघातापासून निकालापर्यंत एकोणीस वर्षे गेली. तेल बाहेर पडल्यावर कायदा काय देऊ शकतो आणि किती उशिरा देतो, याचा हा दाखला. बंदरात एक रात्र थांबवलेल्या जहाजाचा खर्च यापुढे क्षुल्लक वाटतो. पण तो खर्च आज दिसतो आणि हा हिशेब उद्या, म्हणून जगात निर्णय नेहमी उलटे होतात.

२५/
त्या जहाजाचे पुढे काय झाले? दहा लाख गॅलनहून अधिक तेल सांडलेल्या जहाजाला प्रिन्स विल्यम साउंडमध्ये पुन्हा प्रवेश नाही, असे कलम १९९० च्या कायद्यात होते. तारीख अशी घातली होती की तडाखा याच जहाजाला बसावा. दुरुस्त होऊन, नावे आणि मालक बदलत ते जगभर फिरले, पुढे खनिजवाहू झाले आणि २०१२ मध्ये ‘ओरिएंटल नाइसिटी’ या नावाने मोडीत निघण्यासाठी गुजरातमधील अलंगकडे आले. घातक कचऱ्याच्या आयातीसंबंधीचे नियम पाळले गेलेले नाहीत, असा आक्षेप भारताच्या सर्वोच्च न्यायालयात घेतला गेला. जहाज बाहेर थांबले. तपासणीचे अहवाल पाहून ३० जुलै २०१२ रोजी न्यायालयाने परवानगी दिली; यापुढे अशी जहाजे आणताना बाझेल कराराचे काटेकोर पालन व्हावे, असेही बजावले.

२६/
व्हॅल्डेझमध्ये ज्या जहाजाला निघताना कोणी रोखले नाही, त्याला शेवटच्या किनाऱ्यावर शिरताना कागदपत्रे दाखवावी लागली. कायदा एवढा तरी पुढे सरकला होता. मात्र या साऱ्या इतिहासात नियमांपेक्षा महत्त्वाची ठरली ती माणसे: १९७१ मध्ये न्यायालयात गेलेले कोळी, १९७५ मध्ये अंदाजावर कायदा करणारे राज्य, २०१० पर्यंत एकच गोष्ट न कंटाळता सांगणारे नागरिकांचे मंडळ. अपघात नसलेली वर्षे जसजशी साठत जातात, तसतशी दाराची कूड कुजू लागते. १९७७ ते १९८९ मध्ये हेच झाले. वारा ४५ नॉटच्या वर गेला की आजही एखादा भरलेला टँकर व्हॅल्डेझच्या धक्क्याला थांबून राहतो. ती बातमी कुठेही छापून येत नाही. बैल गोठ्यातच राहिला, तर बातमी होत नाही.